नम्रता आणि भरवसा

(ज्युबिलीच्या नोव्हेनांत खारदांडा येथें धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीचे दिवस हे आनंदाचे दिवस होत, आणि आनंदाच्या दिवसांत दोन मोह मनुष्याला हटकून गांठतात. पहिला मोह असा कीं, आम्हीं हें केलें, आमच्या वाडवडिलांनीं तें केलें, आमच्यासारखे आम्हीच, असें म्हणून छाती फुगवावी. दुसरा मोह याच्या उलट दिसतो. आणि आम्हांस विचाराल तर आपल्या दांड्यांत तोच अधिक आढळतो. आम्ही साधीं माणसें, आमच्यानें काय होणार, आमची लायकी ती काय, असें म्हणून हात जोडावे आणि मागच्या बाकावर जाऊन बसावें, असा तो मोह. पहिल्याला सर्व लोक गर्व म्हणतात. दुसऱ्याला पुष्कळ लोक नम्रता म्हणतात. ही दुसरी समजूत चुकीची आहे असें आमचें मत आहे, आणि तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. नम्र या शब्दांत वांकणें आहे. लॅटिन भाषेंत नम्रतेला जो शब्द आहे तो मातीवाचक शब्दापासून निघाला आहे. म्हणजे ज्याचे पाय मातीवर आहेत तो नम्र. मातीवर पाय असणें म्हणजे खड्ड्यांत पडून राहणें नव्हे. अविलेची संत तेरेजा हिनें नम्रतेचें नातें सत्याशीं जोडलें आहे, आणि तें आम्हांस फार मोलाचें वाटतें. ज्याला दोन हात आहेत त्यानें मला एकच हात आहे असें सांगणें ही नम्रता नव्हे, तें खोटें बोलणें होय. आणि हे हात मींच घडविले असें सांगणें हेंहि खोटेंच.

दुसरा शब्द आत्मविश्वास. हा अलीकडे फार ऐकूं येतो. शाळेंत मुलांना, नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या तरुणांना, सर्वांना तोच उपदेश. त्यांत वाईट कांहीं नाहीं. पण ख्रिस्ती मनुष्याला तो पुरत नाहीं. आपला भार आपणच आपल्यावर टाकावा, म्हणजे ज्या होडींत बसलों तीच हातांनीं उचलून धरण्यासारखें झालें. त्यापेक्षां आपला घरगुती शब्द भरवसा बरा. भरवसा ठेवावयाला दुसरा कोणी लागतो. म्हणून आज आम्ही आत्मविश्वासाविषयीं न बोलतां भरवशाविषयीं बोलणार आहों.

आतां कोणी म्हणेल, फादर, हीं दोन एका मनांत कशीं राहतील? जो स्वतःला लहान समजतो तो धीट कसा होईल? ही शंका जुनी आहे. तेराव्या शतकांत संत थोमास आक्विनास यानें आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धांत तिचा विचार केला आहे. १२९ व्या प्रश्नांत मनाच्या मोठेपणाचा, आणि १६१ व्या प्रश्नांत नम्रतेचा. सेमिनरींत ते दोन प्रश्न वाचतांना पानें इतकीं दूर दूर पडत कीं, त्यांचा संबंध लक्षांतच येत नसे. पण संबंध आहे. थोमासाचें म्हणणें थोडक्यांत असें: मनुष्य देवानें दिलेल्या देणग्यांकडे पाहतो तेव्हां मोठ्या कामाला हात घालण्यास तो धजतो, आणि स्वतःच्या उणिवांकडे पाहतो तेव्हां तो लीन होतो. एकच मनुष्य, पाहण्याचीं ठिकाणें दोन. म्हणून हे दोन गुण एकमेकांचे वैरी नव्हेत. एकानें शीड उभारलें जातें, दुसऱ्यानें तें आंवरलें जातें, आणि दोन्हींवांचून होडी चालत नाहीं.

त्याच ग्रंथांत पुढें, १३३ व्या प्रश्नांत, मनाच्या कोतेपणाला थोमास चक्क पाप म्हणतो. दाखला म्हणून तो शुभवर्तमानांतील त्या दासाचा देतो, ज्यानें धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेविलें. त्या दासाकडे जरा नीट पाहा. तो उधळ्या नव्हता, चोर नव्हता, बढाईखोर तर मुळींच नव्हता. आजच्या काळांत तो आपल्या धर्मग्रामांत असता तर बिचारा किती साधा मनुष्य, असेंच आपण म्हटलें असतें. पण धन्याला तो आवडला नाहीं. कारण त्याच्या साधेपणाच्या पोटांत भीति होती, आणि भीतीच्या पोटांत धन्याविषयींचा वाईट ग्रह होता. धनी कठोर आहे, असें त्यानें मनांत धरिलें होतें.

याच्या समोर कफर्णहूमच्या त्या रोमी शताधिपतीला उभा करा. त्याचा चाकर आजारी होता. प्रभु येशू घरीं येण्यास निघाला, तेव्हां त्यानें सांगितलें कीं माझें घर आपण यावें अशा योग्यतेचें नाहीं. येथेंच तो थांबला असता तर ती नुसती शिष्टाचाराची नम्रता झाली असती. पण तो थांबला नाहीं. आपण येथूनच एक शब्द बोलावा, चाकर बरा होईल, असें त्यानें लगोलग मागणें घातलें. केवढें धाडस! हुकमाचें बळ काय असतें हें शिपायांवर हुकूम चालविणाऱ्या त्या मनुष्याला ठाऊक होतें. आणि प्रभूच्या शब्दाचें बळ आपल्या हुकमापेक्षां मोठें आहे हेंहि त्यानें ओळखलें. आपण अयोग्य आहों, आणि आपण मागणार आहों, हीं दोन्हीं त्यानें एकाच दमांत सांगितलीं.

प्रत्येक मिस्साबलिदानांत ख्रिस्तशरीर ग्रहण करण्यापूर्वीं आपण याच शताधिपतीच्या शब्दांचा आधार घेतों. आपण अयोग्य आहों असें म्हणतों, आणि मग काय करतों? मागें फिरून घरीं जातों काय? नाहीं. उठून वेदीकडे चालूं लागतों. म्हातारीकोतारीं काठी टेकीत पुढें येतात, आया मुलें कडेवर घेऊन पुढें येतात. आम्ही वेदीवरून हें इतकीं वर्षें पाहत आलों आहों, आणि आमच्या मतें नम्रतेविषयींचें जेवढें शास्त्र आहे तें सर्व त्या बारा-पंधरा पावलांत आहे.

आपणां कोळी बांधवांना तर हें समजावून सांगावयास नको. आम्ही कोळी नव्हे. डोलीविषयीं आम्हांस जें थोडें ठाऊक आहे तें आपणांपैकीं जुन्या नाखव्यांकडूनच. डोल हें जाळें माशांच्या मागें धांवत नाहीं. समुद्राच्या तळांत खुंट पक्के रोवलेले असतात, त्यांना हें पिशवीसारखें निमुळतें जाळें बांधतात, त्याचें तोंड प्रवाहाकडे करतात, आणि मग पाण्याचा जोरच बोंबील आणि जवळा त्याच्या पोटांत आणून घालतो. पाणी फिरण्यापूर्वीं जाळें उचललें पाहिजे, नाहीं तर आलेलें परत गेलें. उधाणाला पाण्याला ओढ असते. भांगाला ती मंदावते, आणि तेव्हां कितीहि मोठा नाखवा असला तरी त्याला एक वीतभर पाणी हलवितां येत नाहीं.

तर मासे आणले कोणीं? पाण्यानें. पण खुंट रोवले कोणीं? तें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. सगळ्यांचे हात लागतात. आणि अपरात्रीं भरतीची वेळ साधून होडी लोटली कोणीं? ओहोट मीच आणतों असें म्हणणारा नाखवा वेडा ठरेल. पण ओहोट देवाच्या हातीं, मग मी घरीं निजून राहतों, असें म्हणणाऱ्याच्या चुलीवर काय शिजेल? समुद्रावर आपण ज्याला मूर्ख म्हणतों त्याला देवळांत भाविक म्हणतों, याचें आम्हांस नवल वाटतें.

आतां थोडा अवघड विषय. आपल्या धर्मग्रामांत असे कांहीं पुरुष आहेत, आणि ते बहुतेक पुरुषच आहेत, जे वर्षानुवर्षें पापनिवेदनाला येत नाहींत. जुनीं माणसें ज्याला कुमसार म्हणत तो त्यांना माहीत नाहीं असें नाहीं. कारण विचारलें तर ते खालीं पाहून सांगतात, फादर, आमचीं पापें फार मोठीं, आम्ही कोणत्या तोंडानें येणार? हें ऐकून मन भरून येतें खरें. पण त्यांत एक गोष्ट लपलेली आहे, ती आज उघडच सांगतों. माझें पाप इतकें मोठें कीं देवाच्या दयेलाहि तें पुरून उरेल, असें म्हणणारा स्वतःला फार मोठा समजतो. तो गर्वच आहे. फक्त त्यानें फाटका सदरा घातलेला आहे.

पेत्र आणि यहूदा यांच्याकडे पाहा. एकाच रात्रीं दोघे पडले. यहूदानें प्रभूला विकलें. पेत्रानें तीन वेळां त्याला नाकारलें. पश्चात्ताप दोघांनाहि झाला. यहूदानें तीस रुपये परत नेऊन टाकले आणि आपण पाप केलें हें त्यानें कबूल केलें. म्हणजे आपल्या लहानपणाची जाणीव त्याला झाली होती. पण ती जाणीव घेऊन तो एकटाच अंधारांत गेला. पेत्रहि रडत बाहेर गेला. मात्र पुढें सरोवराच्या कांठीं प्रभु उभा आहे असें कळतांच त्यानें वस्त्र कमरेला गुंडाळून पाण्यांत उडी टाकली. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत थांबण्याचा धीर त्याला नव्हता. तेथें निखारे पेटलेले होते, त्यांवर मासळी होती, आणि प्रभूनें ज्याला तीन वेळां विचारलें त्याच्याच हातीं आपलीं मेंढरें दिलीं. आपल्या पडण्याचें दुःख पेत्राला यहूदापेक्षां कमी नव्हतें. त्याचा भरवसा मात्र तुटला नव्हता.

असो. हे झाले शुभवर्तमानांतील दाखले. पण कोणी म्हणेल, ते प्रेषित होते, आम्ही कोठें? म्हणून आतां आपल्याच किनाऱ्यावरील एका मनुष्याची गोष्ट सांगतों. वसई येथून लांब नाहीं. तेथें पोर्तुगीजांच्या अमलांत, सुमारें १५५७ सालीं, गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. तो जेज्वीट धर्मगुरूंच्या हाताखालीं शिकला, आणि पंधरासोळा वर्षांचा असतां त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथें त्यानें जपानी भाषा इतकी आत्मसात् केली कीं, धर्मशिक्षक म्हणून तो लोकांत सहज वावरूं लागला. सुमारें आठ वर्षें त्यानें ही सेवा केली. त्याची मनापासून इच्छा होती कीं आपणांस त्या संघांत घ्यावें. ती इच्छा पुरी झाली नाहीं.

येथें क्षणभर थांबा. परक्या देशांत तारुण्याचीं आठ वर्षें ज्यांच्यासाठीं घालविलीं त्यांच्या घराचें दार उघडलें नाहीं. आपणांपैकीं कितीजण अशा वेळीं कडू होऊन देवळाकडे पाठ फिरवितात! समितींत नांव घातलें नाहीं, मिरवणुकींत पुढची जागा मिळाली नाहीं, एवढ्यावरून तीन तीन वर्षें रुसलेलीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. गोन्सालो रुसला नाहीं, आणि आपली लायकी नाहीं असें म्हणून त्यानें देवाचें बोलावणेंहि पुरून टाकलें नाहीं. त्यानें व्यापार केला, त्यांत त्याला यश आलें, तो हिंडत मनिला येथें पोंचला, आणि तेथें फ्रान्सिस्कन संघाच्या दारावर त्यानें पुन्हां हात मारला. तेथें त्याला घेतलें, पण धर्मगुरू म्हणून नव्हे. साधा बंधु म्हणून. तो शेवटपर्यंत बंधुच राहिला. ज्यांत मान कमी आणि काम अधिक अशी ती जागा होती.

१५९३ सालीं मनिलाहून पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या प्रमुखत्वाखालीं एक वकिलात जपानला गेली, आणि जपानी भाषा येणारा म्हणून गोन्सालोला दुभाष्या नेमलें. त्या वेळीं जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी होता. त्याच्या पुढें उभें राहणें म्हणजे खेळ नव्हे. दुभाष्याच्या कामाचा आम्हीं पुष्कळ विचार केला आहे, आणि नम्रता व भरवसा यांचें याहून चांगलें चित्र आम्हांस दुसरें सांपडलें नाहीं. दुभाष्याला स्वतःचें असें कांहीं बोलावयाचें नसतें. शब्द ज्याचे त्याचे, तो केवळ वाहणारा. पण म्हणून त्यानें तोंडांतल्या तोंडांत पुटपुटून चालत नाहीं. ज्याचा निरोप त्याच्या मोलाप्रमाणें त्याला स्पष्ट, ताठ उभें राहून, भर दरबारांत बोलावें लागतें. वसईच्या आईचा हा मुलगा त्या दरबारांत बोलला. पुढें क्योतो शहरांत त्या बंधूंनीं कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालयें चालविलीं, आणि तेथेंहि गोन्सालोची भाषा कामास आली.

१५९६ च्या डिसेंबर महिन्यांत त्याला व त्याच्या सोबत्यांना धरण्यांत आलें. क्योतो येथें प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून गांवांतून त्यांची धिंड काढली. नंतर ऐन हिंवाळ्यांत सुमारें महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत चालविलें. वाटेंत आणखी दोघे त्यांत सामील झाले आणि सर्व मिळून सव्वीस झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेज्वीट, आणि सतरा साधे प्रापंचिक ख्रिस्ती, ज्यांत बारा वर्षांचा एक मुलगाहि होता. ज्या संघांत गोन्सालोला जागा मिळाली नव्हती त्या संघाचे तिघे आतां त्याच्याच रांगेंत होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर सव्वीस खुरीस उभे केले आणि भाल्यांनीं त्यांचा वध करण्यांत आला. १६२७ सालीं पवित्र सभेनें त्यांना धन्य म्हणून गौरविलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें. भारतभूमींत जन्मलेल्या मनुष्यांपैकीं संतपद मिळालेला गोन्सालो हा पहिला. तो धर्मगुरू नव्हता, पंडित नव्हता, त्यानें ग्रंथ लिहिला नाहीं. त्याला एक भाषा चांगली येत होती, आणि ती त्यानें पुरून ठेविली नाहीं.

भाषेची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगूं द्या. थोमास स्टीफन्स हा इंग्रज जेज्वीट १५७९ सालीं गोव्यास आला आणि आपल्या मराठीच्या पायाशीं विद्यार्थी होऊन बसला. परकी भाषा शिकणें म्हणजे मोठ्या वयांत पुन्हां मूल होणें. चुका कराव्या लागतात, पोरेंटोरें हंसतात, तें सोसावें लागतें. तें सोसून त्यानें मराठी ओंवींत ख्रिस्तपुराण रचलें. राशोल येथें तें १६१६ सालीं छापलें गेलें, आणि त्यांत त्यानें मराठीची थोरवी गाइली. आणि आज आपल्याच घरांत काय दिसतें? आजी मराठींत जपमाळ म्हणूं लागली तर नातवंडें एकमेकांकडे पाहून हंसतात. इंग्रजी शिकूं नये असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. दहा भाषा शिका. पण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या शेजारीं बसलें कीं आपला आवाज आपोआप खालीं जातो, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे, आणि त्याला नम्रता हें नांव देऊं नका.

या किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांनीं १८८७ सालीं मुंबईंत ईस्ट इंडियन म्हणून आपली सभा स्थापिली, आणि योगायोग असा कीं तेंहि एका ज्युबिलीचेंच वर्ष होतें, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या पन्नासाव्या वर्षाचें. आम्ही कोण हें सांगण्याची गरज तेव्हांच्या लोकांना वाटली. नांव घेतलें तें बरें कीं वाईट, याचा वाद आज नको. पण ते उठून उभे राहिले आणि बोलले, एवढें खरें.

आतां मूळ कामाकडे येतों. ज्युबिलीच्या रविवारीं मराठी मिस्साबलिदान होणार आहे. त्यासाठीं दोन वाचक, विश्वासू लोकांच्या प्रार्थना म्हणणारे पांच जण, आणि स्तोत्र सुरू करून देणारी एक बाई अथवा मुलगी, इतकीं माणसें पाहिजेत. गेल्या महिन्यापासून आम्ही विचारीत आहों. ज्यांना ज्यांना विचारलें त्यांनीं नम्रपणें नकार दिला. एका बाईंनीं सांगितलें, फादर, आमची भाषा गांवठी, ती माईकवर कशी शोभेल? बाई, गालीलाच्या कोळ्यांची भाषाहि गांवठीच होती. पेत्राला यरुशलेमेंत त्याच्या बोलण्यावरूनच लोकांनीं ओळखलें. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला पवित्र आत्मा त्याच जिभेवर उतरला.

दुसरें एक. देणगीदारांचीं नांवें संगमरवरावर कोणत्या क्रमानें कोरावीं याविषयीं आमच्याकडे चार चिठ्ठ्या आल्या आहेत. वाचकांच्या यादींत मात्र अजून एकहि नांव नाहीं. दोन्ही कागद आम्हीं एकाशेजारीं एक ठेविले आहेत.

यादी मुख्य दाराशीं, तीर्थजलाच्या भांड्याजवळ, मेजावर आहे. पेन्सिल दोऱ्यानें बांधली आहे, ती नेऊं नये. ज्यांना वाचतां येतें पण सराव नाहीं, त्यांनीं शनिवारीं संध्याकाळीं जपमाळेनंतर वेदीमागच्या खोलींत यावें. होड्या त्या वेळीं बाहेर असतील तर भरतीची वेळ आम्हांस कळवावी, आम्ही सरावाची वेळ बदलूं.